गेटच्या आत आल्यावर पाण्याचं काय होतं?

प्रति,
मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटी मेंबर आणि एजीएमला कधीच न येणारे सन्माननीय सभासद यांस,

स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या सगळ्यांच्याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतो. पांढरी बादली, तिच्यात पिवळसर पाणी आणि खाली तीन प्रश्नचिन्हं. लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लिहितात, ‘आमच्याकडे पण.’ कुणी म्हणतं मातीचा वास येतोय, कुणी ‘मातीचा नाही, गटाराचा’ अशी दुरुस्ती करतं. तासाभर महापालिकेची यथेच्छ धुलाई होते. एक जण ओळखीच्या आरओवाल्याचा नंबर टाकतो, आणि रात्री गुड नाइटचे मेसेज सुरू झाले की विषय मिटतो. आपली टाकी शेवटची कधी उघडली होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे, मुलुंडला राहते. नोकरीत सोसायट्यांचे नमुने कायम यायचे. शहाणी कमिटी असली तर दोन बाटल्या यायच्या: एक मीटरजवळची, म्हणजे पालिकेचं पाणी आत येतं तिथली, आणि एक वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली. मीटरजवळची पास आणि स्वयंपाकघरातली नापास, ही जोडी आम्हाला इतकी पाठ झाली होती की निकाल टाइप करताना कुणी मान वर करून बघायचंही नाही. उलटं व्हायचंच नाही असं नाही. पण माझ्या अनुभवात मुंबईतल्या सोसायट्यांचं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा कंपाउंडच्या आत, आणि त्याची जबाबदारी आपली असते. हे पत्र त्याबद्दल आहे, म्हणून ते पालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आधी आपल्याला मिळतं काय ते पाहू. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. मुंबईला पाणी देणाऱ्या या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. बाकीचं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून, सह्याद्रीच्या पावसाचं, शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून येतं. काळ्या कातळावरून वाहून आलेलं हे पाणी मुळातच मऊ असतं, त्यात क्षार फार कमी. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत त्याला तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरीन देतात. २०१९च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने भारतीय मानक ब्युरोकडून दिल्ली, मुंबई आणि राज्यांच्या राजधान्यांतलं नळाचं पाणी तपासून घेतलं, तेव्हा मुंबईचे दहाही नमुने पास झाले आणि दिल्लीचे सगळे नापास. एवढ्या मोठ्या शहराला दहा नमुने म्हणजे काहीच नव्हे, आणि त्या निकालावर आपण जरा जास्तच फुशारलो. पण पाणी मुळात चांगलं आहे, एवढं त्यातून समजायला हरकत नाही. एक गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येतं, तिथल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. बाया हंडे घेऊन त्याची वाट बघत बसतात आणि त्यांच्या उशाशी असलेलं धरणाचं पाणी आपल्या कमोडमध्ये पडतं. निदान ते नासवू तरी नये.

आता कुणी म्हणेल, जुने पाइप गटाराला चिकटून जातात, त्यांचं काय? बरोबर आहे. वस्त्यांमधून तर प्लास्टिकच्या नळ्या सरळ गटारातूनच नेलेल्या असतात. तिथल्या माणसाचं पाणी बिघडलं तर दोष त्याचा नाही, त्याच्याकडे दुरुस्त करायला स्वतःची टाकीही नसते. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लागेल आणि ते वेगळ्या पत्त्यावर जाईल. आपल्याकडे मात्र टाकी आहे, पंप आहे, सिंकिंग फंड आहे, लॉबीत इटालियन मार्बल आहे.

तर टाकी. आमच्याच सोसायटीची सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाईट वाटायला नको. खालची सक्शन टाकी, म्हणजे पालिकेचं पाणी आधी जमा होऊन जिथून पंपाने गच्चीवर चढतं ती, पार्किंगच्या पोटात आहे. झाकण लोखंडी, कडा गंजून खाल्लेल्या, आणि झाकणाची चौकट जमिनीच्या बरोबरीला. शेजारच्या दोन गाड्या रोज सकाळी धुतल्या जातात. ते साबणाचं पाणी उतारावरून झाकणापर्यंत येतं आणि चौकटीभोवती गायब होतं. कुठे गायब होतं, हे बघायला वाकावं लागतं, आणि गाडी धुणारा मुलगा वाकत नाही, गाडीचा मालकही वाकत नाही. टाकीपासून चार पावलांवर ड्रेनेजचा चेंबर. पावसाळ्यात तो तुंबून वर आला की पार्किंगमध्ये पसरतो, आणि पार्किंगमधली सगळ्यात खोलगट जागा नेमकी टाकीच्या झाकणापाशी आहे. बिल्डरने असं का केलं हे विचारण्यात आता अर्थ नाही, तो हयात असला तर रिडेव्हलपमेंटला पुन्हा भेटेलच.

मागे टाकी साफ केली तेव्हा मी खाली उभी राहून बघितलं. पाणी उपसल्यावर तळाशी करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ गाळ होता, घोट्यापर्यंत. भिंतींवर बुळबुळीत थर. वरून सुटलेले सिमेंटचे पापुद्रे, पिंपळाची पांढरी मुळं, एक प्लास्टिकचा चमचा, टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉल कॉकचा तुटलेला जुना फुगा. गच्चीवरच्या टाकीत कबुतराची पिसं होती, कारण ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नव्हती. यातलं काहीही बादलीत दिसत नाही. वरून उपसलेलं पाणी काचेसारखं असतं.

हा गाळ नुसता घाणेरडा दिसतो म्हणून वाईट नव्हे. पालिका जे क्लोरीन घालते त्यातलं थोडं मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं, म्हणजे वाटेत काही जंतू शिरले तर त्यांचा बंदोबस्त व्हावा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे आपल्या पाण्याचा पहारेकरी. टाकीतला गाळ, शेवाळ, बुळबुळीत थर त्याला गिळून टाकतात. उरलंसुरलं उन्हाने तापलेल्या गच्चीवरच्या टाकीत उडून जातं. त्यात आपल्या टाक्या बांधलेल्या असतात भरलेल्या इमारतीच्या हिशेबाने, माणशी १३५ लिटर धरून. निम्मे फ्लॅट बंद, मुलं अमेरिकेत. मग एका दिवसात संपायचं पाणी दोन-दोन दिवस पडून राहतं. ते नळाला येतं तेव्हा दिसायला तेच, पण पहारा उठलेला असतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई जी ओटी टेस्ट करतो तीच करायची. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते बघायचं. रंग जितका गडद तितकं क्लोरीन जास्त, आणि रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. ओटीचं ते औषध विषारी असतं, म्हणून बघून झालं की नळी बेसिनमध्ये ओतायची आणि हात धुवायचे. हल्ली गुलाबी रंगाची डीपीडी टेस्ट मिळते, ती जास्त भरवशाची. पाणी येण्याच्या वेळेला मीटरजवळ एकदा आणि त्याच दिवशी संध्याकाळी सर्वात वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये एकदा करा. खाली रंग आणि वर कोरी नळी असं निघालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला शिव्या द्यायच्या ते कळेल.

चवीच्या आणि वासाच्या तक्रारी मला खोट्या वाटत नाहीत. उलट नाक हे फार चांगलं उपकरण आहे, फक्त ते काय सांगतंय ते नीट ऐकायला हवं. पावसाच्या तोंडावर जो मातकट वास येतो तो बहुधा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. तलावातलं काही प्रकारचं शेवाळ आणि मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात. बिटाचा मातकटपणा त्याचाच, पहिल्या पावसाच्या वासातही तोच असतो. माणसाचं नाक त्याच्याबाबतीत इतकं तिखट असतं की एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी ते ओळखतं. तो अपायकारक नाही. माठात पाणी भरून ठेवलं, थोडा वाळा टाकला की आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नसे. क्लोरीनच्या वासाचंही तसंच. वास आला म्हणजे औषध जास्त झालं असं नेहमी नसतं. पाण्यातल्या घाणीशी क्लोरीन झुंजतं तेव्हा जी संयुगं तयार होतात त्यांचा वास शुद्ध क्लोरीनपेक्षा उग्र असतो. सकाळच्या पहिल्या धारेला लोखंडी, रक्तासारखी चव लागली तर ती रात्रभर जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपात उभ्या राहिलेल्या पाण्याची. दोन मिनिटं नळ सोडून ते पाणी झाडांना घाला. पाणी दुधाळ दिसलं तर ग्लास ओट्यावर ठेवून बघा. तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा होती. सडक्या अंड्याचा वास मात्र गंभीर. कुठेतरी पाणी साचून कुजतंय, बहुतेक वेळा न वापरलेल्या लाइनच्या बंद टोकाला किंवा महिनोन्महिने बंद असलेल्या गिझरमध्ये.

पण ज्याने माणूस आजारी पडतो त्याला चव नसते. ई-कोलाय, टायफॉइडचे जंतू, काविळीचा विषाणू यांतलं काहीच जिभेला कळत नाही. मी नापास केलेले कितीतरी नमुने पिऊन बघितले असते तर गोड लागले असते. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली, तेव्हा विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं अशा सगळ्यांची तपासणी सुरू झाली. त्यात काही आरओ केंद्रांचं पाणीही नापास निघालं. लोक तिथून पैसे देऊन जार भरून नेत होते, चव चांगली म्हणून.

आता आरओकडे येऊ, कारण सोसायटीत पाण्याचा विषय निघाला की शेवटी गाडी तिथेच येते.

आमच्या लॉबीत एका रविवारी एक तरुण टेबल मांडून बसला होता. दोन ग्लास. एकात आपलं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. आधी पेनासारखा टीडीएस मीटर बुडवला: नळाचं ऐंशीच्या पुढे, मशीनचं वीसच्या आत. ‘बघा काकू, किती अशुद्धी.’ मग दोन्ही ग्लासांत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र सोडून बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यातून हिरवट-तपकिरी गाळ वर यायला लागला, किळस यावी असा. मशीनचं पाणी जवळपास तसंच राहिलं. गर्दीतल्या दोघांनी तिथेच ॲडव्हान्स दिला. मी वर जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि त्याला म्हटलं, आता हे तुझ्या ग्लासात टाक आणि पुन्हा बटण दाब. त्याने आधी आढेवेढे घेतले. टाकल्यावर त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यातूनही तोच हिरवा-तपकिरी राडा उसळला. यात जादू काही नाही. पाण्यातून वीज गेली की लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचाच गंज ग्लासात तरंगतो. क्षार असतील तर वीज वाहते, नसतील तर फारशी वाहत नाही. पाण्यात आधी काय घाण होती याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पोरगा वाईट नव्हता, त्याला कंपनीने शिकवलं तसं तो करत होता. चहा पाजून पाठवला.

टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. तो मीटर वीज किती वाहते ते मोजतो आणि आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा पाच-दहानेच हलेल. मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असलेलं पाणी उत्तम आणि दुसरं साधनच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. आपल्या तलावांचं पाणी दोनशेच्याही बरंच खाली असतं. त्यातून आणखी क्षार काढायचे म्हणजे सपक पाणी सपकतर करायचं. अगदी कमी क्षारांच्या पाण्याला चवच नसते, म्हणून मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू असतो. तो फिरवून क्षार काढलेल्या पाण्यात थोडं क्षार न काढलेलं पाणी परत मिसळतात. आधी पैसे देऊन काढायचं, मग चव यावी म्हणून परत घालायचं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली, जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओला मनाई करावी, असं सांगितलं होतं. कारण उघड आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना सर्रास दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ऐंशी फ्लॅटची सोसायटी धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला घरी वीस-वीस लिटर. रोज तीन ते पाच हजार लिटर धरणाचं, गाळलेलं, औषध घातलेलं पाणी सरळ गटारात. दोन-तीन दिवसांत एक टँकर. आणि त्याच सोसायटीत मे महिन्यात ‘पाणी जपून वापरा’ची नोटीस.

पैशांचाही हिशेब करा. घरटी पंधरा हजार धरले तर ऐंशी घरांचे बारा लाख होतात, वर दरवर्षीचा मेंटेनन्स आणि फिल्टर बदलायचा खर्च. टाकीचं झाकण बदलायचा आणि चौकट फूटभर उचलून घ्यायचा ठराव आला की हेच सभासद तीन कोटेशन मागतात आणि चौथ्या मीटिंगला विषय बारगळतो. गंमत म्हणजे आरओचं पाणी फक्त पिण्यापुरतं. दात त्याच नळावर घासतो, भाजी तिथेच धुतो, कोथिंबीर तिथेच निवडतो, तान्ह्या बाळाची बाटली तिथेच विसळतो. टाकी बिघडली असेल तर किचनमधल्या पेटीने पोट सुरक्षित राहत नाही. काळजी वाटत असेल तर अतिनील किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्ही मशीन किंवा चांगलं उकळून घेतलेलं पाणी पुरतं. खळखळून एक मिनिट उकळलं तरी काम होतं, त्यासाठी अर्धा तास गॅस जाळायला नको.

वसई-विरारला, घोडबंदर रोडला, जिथे बोअरवेल आणि टँकरवर दिवस काढतात, तिथल्या लोकांना हे लागू नाही. तिथे आरओ लागतो आणि त्यांनी तो बिनदिक्कत वापरावा. पण मुंबईतल्या सोसायट्यांनी एक लक्षात घ्यावं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आपण टँकर मागवतो आणि तो त्याच सक्शन टाकीत रिकामा करतो. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे ड्रायव्हरला ठाऊक, आपल्याला नाही. नंतर घरोघरी तक्रार सुरू होते की डाळ शिजत नाही, चहावर तेलकट साय धरते, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. हे सगळं जड पाण्याचं लक्षण आहे, त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेशींच्या भिंती घट्ट धरून ठेवतं. तूरडाळ तीन शिट्ट्यांत शिजली नाही तर बाईला बोलण्याआधी त्या दिवशी टँकर आला होता का ते वॉचमनला विचारा. तोच टीडीएस मीटर इथे कामाला येतो. रोज नव्वदीच्या घरात असणारा आकडा एकदम सहाशेवर गेला तर तलावाचं पाणी नाही, एवढं नक्की. टँकरचं पाणी फ्लशच्या टाकीत घ्या. पिण्याच्या टाकीत घ्यायचंच असेल तर आधी तपासा. आणि बोअरची लाइन कुठे पिण्याच्या लाइनला जोडलेली नाही ना, हे प्लंबरला तोंडी विचारू नका, व्हॉल्व्ह बंद करून बघा. प्लंबर कायम ‘नाही’च म्हणतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला लोक कचरतात. कमी दाबाने पाणी येतं म्हणून काही इमारतींनी पालिकेच्या लाइनलाच पंप लावलाय. हे बेकायदा आहे ते आहेच, पण धोकादायक जास्त आहे. पाणी ठरावीक तासांनाच येतं, उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. अशा पाइपावर पंप ओढायला लागला की बाहेरच्या चिखलातलं, गटारातलं पाणी फटींतून आत खेचलं जातं. आपल्या टाकीत येतंच, शेजारच्या इमारतीतही जातं. पाणी सुटतं तेव्हाच्या पहिल्या धारेतही साचलेला गाळ असतो. तो टाकीत जाऊ नये म्हणून बॉल कॉकच्या अलीकडे एक साधा नळ काढून घ्यावा आणि पहिली पाच मिनिटं तो उघडा ठेवावा. ते पाणी ड्रममध्ये धरून जिना धुवायला वापरता येतं. पाणी येण्याची वेळ वॉचमनला आपल्यापेक्षा चांगली माहीत असते, चावीवाल्याशी त्याचीच ओळख असते. फक्त त्याला हे काम लेखी द्या आणि त्याबद्दल चार पैसे जास्त द्या.

गच्चीवरच्या टाक्यांसाठी पालिकेचे लोक येतात, शिडी लावायला सांगतात, झाकण घट्ट बसतंय का बघतात, आणि आपण त्यांना ‘साहेब नाहीत, नंतर या’ म्हणतो. शहरात मलेरिया पसरवणारा डास, ॲनोफेलिस स्टीफेन्साय, याला गटाराचं पाणी आवडत नाही. त्याला लागतं स्वच्छ साठवलेलं पाणी, म्हणजे आपली टाकी. घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोला जाळी, एवढ्यात डास आणि कबुतर दोन्हींचा बंदोबस्त होतो.

साफसफाई सहा महिन्यांनी करायची, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. पण कशी करायची यावर भांडण आहे. स्वस्तात होतं म्हणून वॉचमनला आणि स्वीपरला टाकीत उतरवू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी पडतो, आत डिझेलचा पंप लावला तर आणखी. २०२५च्या मार्चमध्ये नागपाड्यात एका बांधकामाच्या इमारतीत टाकी साफ करायला उतरलेले मजूर गुदमरून मेले. झाकणं आधीपासून उघडी ठेवून हवा खेळवणं, वर एक माणूस दोर धरून उभा ठेवणं आणि इलेक्ट्रिक पंप बाहेर ठेवून चालवणं हे कंत्राटदाराशी लेखी ठरवून घ्या. तो दोनशे रुपयांनी महाग पडला तर पडू द्या.

आणि त्याच कंत्राटदाराकडून पाण्याचा रिपोर्ट घेऊ नका. यात काय होतं ते आतून पाहिलंय म्हणून सांगते. तो टाकी धुतो, ब्लीचिंग पावडर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याचा नमुना घेऊन तपासायला देतो. औषधाने भरलेल्या पाण्यात जंतू सापडायचेच नाहीत. कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू) निरंक, शिक्का, सही, फाइलला लावलं, ऑडिटर खूश. नमुना साफसफाईनंतर तीनेक महिन्यांनी घ्यायचा, टाकी नेहमीसारखी झाल्यावर. प्रयोगशाळा आपण निवडायची, एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता बघून. बाटली त्यांच्याकडून निर्जंतुक केलेली आणि आत क्लोरीन मारायचं औषध घातलेली आणायची. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन चालत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. नळाचं तोंड पुसून, पाणी थोडं वाहू देऊन बाटली भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. दोन बाटल्या, मीटरजवळची आणि वरच्या मजल्यावरची. निकालात एकच ओळ आधी वाचा: शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय आढळता कामा नये. यात शून्याखेरीज दुसरा कुठलाही आकडा चालत नाही. बाकीचे आकडे नंतर सावकाश वाचले तरी चालतील.

निकाल जो येईल तो लिफ्टजवळच्या बोर्डावर लावा, पार्किंगच्या दंडाच्या नोटिशीशेजारी. खराब आला तरी लावा. कमिटीची बदनामी होईल या भीतीने रिपोर्ट कपाटात ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याकडे पुढच्या वर्षीही तसाच रिपोर्ट आला. सभासदांनी मात्र खराब निकाल आल्यावर सेक्रेटरीचा राजीनामा मागू नये, टाकीच्या खर्चाला हात वर करावा. नाहीतर पुढच्या वर्षी तपासणीच होणार नाही.

आमच्याकडे मी येत्या एजीएमसाठी हा विषय लेखी दिलाय: सक्शन टाकीची चौकट उचलणं, झाकण बदलणं, आत येणाऱ्या लाइनवर पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचा नळ, वर्षातून दोनदा दोन बाटल्यांची तपासणी. सेक्रेटरींनी पोच दिली आहे. गच्चीवरच्या टाकीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी अजून चालू आहे.

आपली,
मुलुंडमधली एक सभासद